नियत

आमचं डिंगोरे गाव कल्याण–नगर रस्त्यावर. एका अंगाला ओतूर, दुसऱ्या अंगाला मढ, आणि मढ मागे टाकलं की माळशेज घाट. घाटाकडे भात, ओतूरकडे बाजरी आणि हुलगा. गावात आम्हा मुसलमानांची घरं थोडी. आमच्या घरात मुलाण्याचं काम चालत आलेलं. दादा गेले, अब्बांनी सुरी हातात घेतली. मी शाळामास्तर झालो, पण धाकट्या भावानं ते काम धरून ठेवलं.

लहानपणी घरात खाण्याच्या बाबतीत 'नाही' फार होते. डुकराचं मांस नाही, दारू नाही, रक्ती नाही, हे तर होतंच. पण मोहरमच्या दहा दिवसांत मासळी नाही. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस, ज्याला 'तेरा तेजी' म्हणतात, त्यात नवं काम काढायचं नाही. तेराव्या दिवशी घुगऱ्या वाटल्याशिवाय घरातल्या माणसानं लांबच्या गावाला जायचं नाही. गरवार बाईनं पपई खायची नाही, जोडकेळं खायचं नाही, ग्रहणात तर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. दिवेलागणीनंतर शेजारी मीठ किंवा विरजण द्यायचं नाही. चातुर्मासात दादी वांगंसुद्धा आणायची नाही. खंडोबाची चंपाषष्ठी होईपर्यंत गावात बरीच घरं वांगं खात नसत, पण आमच्याकडे खंडोबा कुठला? विचारलं तर म्हणायची, "किडे पडते उसमें."

या सगळ्यांना दादीचा एकच शब्द होता, 'मना है'. कुणी मना केलं, हे विचारायची सोय नव्हती. आम्हा पोरांना वाटायचं, हे सगळं कुराणातच लिहिलेलं असणार. शेजारच्या पोरांना वाटायचं, त्यांच्या घरातलं सगळं पोथीत लिहिलेलं असणार. पुढं मास्तरकीत वाचनाची सवय लागली, मराठीतलं कुराणाचं भाषांतर हाती आलं, तेव्हा मी आधी ही यादीच शोधली. कुराणात खाण्यातल्या मनाईची यादी चार ओळींत संपते आणि ती चार ठिकाणी आली आहे. आपोआप मेलेलं जनावर, वाहतं रक्त, डुकराचं मांस आणि अल्लाहशिवाय दुसऱ्या कुणाच्या नावानं कापलेलं. शिवाय भुकेनं जीव जायची वेळ आली तर त्यालाही सूट. दारूची मनाई वेगळ्या ठिकाणी आहे. हदीसमध्ये सुळ्यांचे हिंस्र प्राणी आणि पंजानं शिकार करणारे पक्षी यांची भर पडते. पपई नाही, वांगं नाही, मोहरमची मासळी नाही, ग्रहणही नाही.

मग ही बाकीची यादी आली कुठून? ती आमच्या मातीतलीच. आणि या मातीत जेवणाच्या ताटाभोवती कुंपण घालायची रीत फार जुनी आहे. तिची एक नोंद थेट जुन्नरला येऊन गेलेल्या माणसानं करून ठेवली आहे.

रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी १४७० च्या आसपास चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तेव्हा इथं बहमनी राज्य होतं, जुन्नर असद खान नावाच्या सरदाराकडे होतं. निकितिननं विकायला एक घोडा आणला होता. दगडी कड्यावरचं, माणसानं एकेकट्यानं चढावं अशा वाटेचं जुन्नर त्यानं वर्णन केलं आहे. पावसाळ्याचे महिने त्यानं इथंच काढले. हा माणूस मुसलमान नाही, हे कळल्यावर खानानं त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी, नाही झालास तर घोडाही गेला आणि दंडही, असं सांगितलं. शेवटी खुरासानच्या एका मुसलमान खोजानंच रदबदली केली आणि घोडा सोडवून दिला.

या निकितिननं इथल्या लोकांचं जेवण बारकाईनं पाहिलं. भात, तूप घातलेली खिचडी, भाजीपाला. उजव्या हातानं खातात, डावा लावत नाहीत, चमचा-सुरी ठाऊक नाही. लोकांत चौऱ्याऐंशी पंथ आहेत आणि एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर खात नाही, पीत नाही, सोयरीक करत नाही. काही जण बकरं, कोंबडी, मासे, अंडी खातात, पण बैल कुणीच खात नाही. आणि मुसलमानापासून ताट लपवतात. त्याची नजर भांड्यात पडली तर ते अन्न टाकून देतात, काही जण तर अंगावर कापड ओढून जेवतात. पुढं बीदरला त्यानं ओळखीच्या हिंदूंना सांगितलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे. तेव्हापासून त्यांनी त्याच्यापासून जेवण लपवणं सोडलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं. नजरेनंही अन्न बाटावं, म्हणजे काय! पण निकितिननंच लिहिलेला चौऱ्याऐंशीचा आकडा पुन्हा वाचला आणि ध्यानात आलं, ही कुंपणं फक्त मुसलमानाभोवती नव्हती. ज्याच्या त्याच्या ताटाभोवती होती. मुसलमान हे त्यातलं आणखी एक घर. नियम पुस्तकातून आले असोत वा नसोत, 'आम्ही कोण' हे ते सांगत होते.

आता याच मुलखातली साडेतीनशे वर्षांनंतरची नोंद पाहा. साताऱ्याला कंपनीचा अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात गावगाड्याची माहिती देताना मुलाण्याची नोंद आहे. गावात दुसरं एकही मुसलमान घर नसलं तरी मुलाणा बहुतेक असतोच, असं तो म्हणतो. मशीद, पीर सांभाळतो, निकाह लावतो, देवळाशी किंवा रानात नवसाचं बकरं तोच कापतो. आणि कुणबी-मराठे मुलाण्यानं 'नियत' म्हटल्याशिवाय मटण खात नाहीत. त्याबद्दल गावाकडून त्याचा हक्क ठरलेला असतो.

म्हणजे जुन्नरच्या ज्या मुलखात मुसलमानाची नजर पडली की अन्न वाया जात होतं, त्याच मुलखात पुढं मुसलमानाच्या तोंडचं नाव पडल्याशिवाय बकरं खाण्याजोगं होत नव्हतं. अर्थात निकितिननं पाहिलेले आणि ग्रँट डफनं पाहिलेले लोक एकाच जातीचे नसणार. ताट लपवणारे बहुधा शाकाहारी घरातले, नियत मागणारे कुणब्याघरचे. तरी एवढं नक्की की गावानं आपल्या सोयीनं नवे नियम केले, आणि पुढच्या पिढीनं ते जुनेच म्हणून पाळले.

हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आसपासच्या गावांत जत्रेच्या पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी बकरी. पहाटेच निरोप यायचा, "चाचांना बोलावलंय." दादांचा एक दंडक होता. सुरी घरूनच पाजवून न्यायची, जनावराच्या डोळ्यांसमोर पाजवायची नाही. एका बकऱ्यासमोर दुसरं कापायचं नाही. आधी पाणी पाजायचं. अल्लाहचं नाव घेऊन एका हातात गळा मोकळा करायचा, आणि रक्त पुरतं वाहून अंग थंड झाल्याशिवाय कातडं सोलायला हात लावू द्यायचा नाही. यातली एकही गोष्ट दादांच्या मनची नव्हती. जनावराला त्रास कमी व्हावा ही शिकवण इस्लामची. पण आमच्या गावचा कुणबी तिला 'मुलाण्याची रीत' म्हणायचा आणि ती मोडली तर त्यालाच चालायचं नाही. झटकन मान तोडलेलं किंवा कोल्ह्या-कुत्र्यानं मारलेलं मटण 'मुर्दाड' म्हणून तो नाकारायचा. 'मुर्दाड' हा शब्दही आमच्याकडचाच, मुर्दार.

एकाच बकऱ्यावर दोघांची रीत वेगळी व्हायची ती रक्तापाशी. भांड्यात धरलेलं रक्त त्यांच्याकडे रक्ती म्हणून तव्यावर जायचं, आम्ही त्याला शिवायचो नाही. त्यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही.

आणि दादांच्या धंद्याचं पंचांग? ते आमच्या चांदवर चालत नव्हतं. आखाडात हाताला उसंत नसायची. श्रावण लागला की सुरी कापडात गुंडाळून आढ्याला. श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराची गर्दी, घरोघर उपास. ज्यांना खायचं ते मासवडीवर भागवायचे. बेसनाच्या वडीला माशाचा आकार आणि नाव, आत तीळ-खोबऱ्याचं सारण. ज्यानं कुणी ती काढली त्यानं न खाण्याची आणि खाण्याची दोन्ही हौस भागवली. मग नवरात्र, एकादश्या, माळकऱ्यांची घरं. वर्षातले कितीतरी दिवस दादा दुसऱ्याच्या 'नाही'मुळे घरी बसायचे, आणि त्याबद्दल त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

अडचण आली ती आमच्याच बाजूनं. मी सहावी-सातवीत असेन. जुन्नरला आलेल्या एका मौलवींकडे दादा गेले होते. मौलवींनी विचारलं, जत्रेच्या बकऱ्याचा वाटा घेता का? दादा म्हणाले, घेतो, नाव तर मी अल्लाहचंच घेतो. मौलवी म्हणाले, "सुरी तुमची, नाव अल्लाहचं. पण बकऱ्याच्या मालकाची नियत कुणाच्या नावाची?"

प्रश्न बिनतोड होता. कुराणातल्या चार ओळींपैकी चौथी ओळ तीच. बकरं देवीच्या नावानं सोडलेलं, पोरगं जगलं म्हणून बोललेलं. यावर आलिमांमध्येही वाद होत आले आहेत. काही जण कापताना घेतलेलं नाव धरतात, काही जण त्यामागचा हेतू. 'कर्मांचा हिशेब नियतीवर' ही हदीस तर प्रत्येक मुसलमानाच्या कानावरची. दादा दोन दिवस गप्प होते. जत्रेला गेले, बकरी कापली, पण मटणाचा वाटा घेतला नाही. मी टोपली घेऊन बरोबर होतो, ती रिकामीच परत आली.

दुसऱ्या दिवशी गावातले एक वडीलधारे आबा ओट्यावर येऊन बसले.

"मुलाणी, वाटा का ठिवला? आमच्या देवीचा इटाळ व्हतो व्हय तुम्हाला?"

दादा म्हणाले, "आबा, तुम्ही एकादशीला माझ्या घरी येता. चहा घेता. मटण खाता का?"

"एकादशीला कसं खाईन?"

"मग मी म्हणतो का, मुलाण्याच्या घरचा इटाळ धरला? तुम्ही तुमचं सोडता, मी माझं सोडलं. बकरं कापायला मी येणार. तुम्ही पोटभर खा."

आबा थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "मंग बाजरी दिली तर चालंल का?" तेव्हापासून आमच्याकडे वाट्याऐवजी बाजरी यायला लागली.

दादा निरक्षर होते. पण त्या दिवशी ते जे बोलले त्याचा अर्थ मला फार उशिरा, वाचता वाचता लागला. प्रेषितांसमोर एकदा भाजलेला 'दब्ब' आला. घोरपडीसारखा वाळवंटातला सरडा. त्यांनी हात मागे घेतला. बरोबरच्या खालिद इब्न वलीद यांनी विचारलं, हा हराम आहे का? ते म्हणाले, नाही, पण माझ्या लोकांच्या मुलखात हा नव्हता, म्हणून मला नको वाटतो. खालिदांनी तो ओढून घेतला आणि त्यांच्यासमोरच खाल्ला. प्रेषितांनी अन्नाला कधी नाव ठेवलं नाही, आवडलं तर खाल्लं, नाही तर राहू दिलं, असंही हदीसमध्ये आहे. म्हणजे स्वतः न खाणं ही एक गोष्ट आणि ते दुसऱ्याला हराम ठरवणं ही दुसरी.

या दुसऱ्या गोष्टीवर कुराण कडक आहे. इस्लामच्या आधीचे अरब काही उंटिणींचे कान चिरून त्या देवाच्या नावानं सोडत; मग तिच्यावर बसायचं नाही, तिचं दूध काढायचं नाही. पाचव्या सूरेत म्हटलंय की अल्लाहनं असलं काही ठरवलेलं नाही. सहाव्या सूरेत आणखी एक रीत सांगितली आहे. अमुक जनावराच्या पोटातलं आमच्या पुरुषांसाठी, बायकांना ते हराम. मात्र मेलेलं जन्मलं तर सगळ्यांनी वाटून घ्यायचं. अल्लाहनं दिलेलं असं कुणाला मोकळं, कुणाला बंद करणाऱ्यांना तिथं चांगलंच सुनावलं आहे.

हे माप हातात घेऊन मी दादीची यादी पुन्हा लावली. मोहरममध्ये मासळी सोडली तर कुणाच्या पोटावर पाय येत नाही. करबलाच्या दुःखात जिभेचा एक लाड सोडला, एवढंच. बैल हलाल आहे, पण आमच्या घरात कधी आला नाही. पोळ्याला ज्याच्या शिंगांना आम्हीच हिंगूळ लावायचो, त्याच्याकडे दादी खाण्याच्या नजरेनं बघूच शकत नव्हती. ते दब्बसारखं. चातुर्मासातलं वांगं तर चेष्टेत गेलं. पण यादीतल्या काही 'नाहीं'मध्ये सोसणारं माणूस वेगळं होतं आणि सांगणारं वेगळं.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. त्या दिवशी दुपारी सूर्यग्रहण होतं. कर्नाटकातल्या पट्ट्यात खग्रास, आमच्याकडे खंडग्रास, तरी बराच सूर्य झाकला गेला. रस्ता सुना पडला होता. माझी भाभी सातव्या महिन्यात. सकाळपासून तिला अंधाऱ्या खोलीत निजवलेलं. सुरीला हात नाही, सुईला हात नाही, अन्न नाही, पाणी नाही. शेजारच्या काकींची सूनही तशीच, तिच्या खोलीत. दोघींच्या मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडे दादी कलमा म्हणत होती, पलीकडे काकी जप करत होत्या. उन्हं उतरायला लागली तशी भाभीला घेरी आली. अम्मीनं कुणाला न विचारता तांब्या नेऊन तिच्या तोंडाला लावला. दादी काही बोलली नाही, पण नंतर पोर जन्माला येईपर्यंत अम्मीशी नीट बोललीही नाही. पोर धडधाकट निघालं.

ग्रहणाबद्दल प्रेषितांचं म्हणणं फार स्पष्ट आहे. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी, इ.स. ६३२ मध्ये, मदिनेत सूर्यग्रहण झालं. लोक म्हणाले, सूर्यही शोकात बुडाला. बापाला असल्या वेळी ते ऐकून बरं वाटलं असतं. पण त्यांनी लोकांना सांगितलं की सूर्य-चंद्र ही अल्लाहची चिन्हं आहेत, कुणाच्या मरण्या-जन्मण्यानं त्यांना ग्रहण लागत नाही; ग्रहण दिसलं तर नमाज पढा, दानधर्म करा. गरवार बाईला उपाशी ठेवा, असं त्यात कुठं नाही. सफर महिन्याच्या अशुभाचंही तसंच. सफरमध्ये वाईट काही नाही, अशी हदीस आहे, तरी दख्खनच्या घराघरात तेरा तेजी चालू राहिली.

सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट होती बीबी की सहनक. सहनक म्हणजे मातीची थाळी. लग्नकार्याच्या आधी किंवा नवस फेडायला कोऱ्या थाळ्यांत भात, दही, साखर घालून प्रेषितांच्या लेकीच्या, बीबी फातिमाच्या नावानं फातिहा द्यायची. तो भात फक्त बायकांनी खायचा. पुरुषाची त्यावर सावली पडू द्यायची नाही. आणि बायकांतही सगळ्यांनी नाही. जिनं दुसरा निकाह केला तिला त्या थाळीवर जागा नाही. ही चाल आमच्या घरापुरती नव्हती. दख्खनी मुसलमानांच्या रीतिरिवाजांवर जाफर शरीफ यांनी लिहिलेलं, हर्क्लोट्सनं इंग्रजीत आणलेलं 'कानून-ए-इस्लाम' १८३२ साली लंडनला छापलं गेलं, त्यात सहनक आहे. त्याच सुमारास दिल्लीचे शाह इस्माईल यांनी 'तक्वियतुल ईमान' या उर्दू पुस्तकात तिच्यावर टीका केली. पुरुषानं खाऊ नये, दासीनं खाऊ नये, दुसरा नवरा केलेलीनं खाऊ नये, असले नियम लोकांनी स्वतःच्या मनानं केले, असा त्यांचा आक्षेप. हे शाह इस्माईल १८३१ मध्ये बालाकोटच्या लढाईत मारले गेले. त्यांचं पुस्तक आमच्या गावापर्यंत आलं नाही. सहनक मात्र आली होती.

आमच्या फुफीचा नवरा ऐन तारुण्यात गेला. दोन वर्षांनी तिचा दुसरा निकाह झाला. धर्मानं त्यात काही वावगं नाही; उलट कुराण बिनजोडीदाराच्या माणसांची लग्नं लावून द्या म्हणतं. पण गावात पाट लावलेल्या बाईला हळदीकुंकवाच्या वेळी मागं बसवायचे, तशीच आमच्या घरात सहनकच्या दिवशी फुफी मागं बसायची. तांदूळ तीच निवडायची, चूल तीच पेटवायची. भात शिजला की उठून ओसरीवर यायची.

माझ्या बहिणीच्या लग्नाआधी सहनक मांडली तेव्हा अम्मी दादीला म्हणाली, "अम्मा, बीबी की अम्मा कौन?"

"बीबी खदीजा. इत्ता बी मालूम नै तेरेकू?"

"हुजूर के साथ निकाह हुआ, तब उनो कौन थे?"

दादी गप्प. खदीजा आधी विधवा होत्या, दोनदा विधवा झाल्या होत्या असं सांगतात, हे दादीला ठाऊक नव्हतं असं नाही. प्रेषितांच्या बाकीच्या बीबींमध्येही, एक आयेशा सोडल्या तर, सगळ्या आधीच्या विधवा किंवा घटस्फोटित.

अम्मी म्हणाली, "उनो आज अपने घरकू आये, तो बेटी की थाली पे बिठाना के ओसरी पे?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दादीनं पदर सावरला, उठली, थाळ्यांतला भात एका मोठ्या परातीत उलटा केला आणि म्हणाली, "खाव सब." फुफीला आत बोलावलं. फुफी दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मेरेकू भूक नै." तिनं तो भात खाल्ला नाही. इतकी वर्षं ज्या थाळीवरून उठवलं, तिच्यावर एका दिवसात कसं बसायचं? मला तेव्हा तिचा राग आला होता, आज येत नाही. आमच्या घरातली ती शेवटची सहनक.

मयताच्या घरचा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच चांगला होता. जाफर इब्न अबी तालिब मुता इथल्या लढाईत पडले तेव्हा प्रेषितांनी सांगितलं होतं की त्यांच्या घरी जेवण करून पाठवा, त्यांच्यावर दुःख कोसळलंय. आमच्या घरी दादा गेले त्या रात्री चूल पेटली नाही. पहिलं पिठलं-भाकरीचं फडकं आलं ते काकींच्या घरून. काकींनी हदीस ऐकलेली नव्हती. त्यांच्याकडेही मयताच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजाऱ्यानं जेवण न्यायचं असतं. बिघडायचं ते पुढं, चाळिसाव्याला, जेव्हा त्याच दुःखी घरानं कर्ज काढून गाव जेवू घालायचं. ते पुस्तकात नाही, आणि ते मोडायला आमच्याकडे सहनकपेक्षाही जास्त वर्षं लागली.

आता यादी बरीच आखडली आहे. ग्रहणाच्या दिवशी आमच्या सुना जेवतात. दुसऱ्या निकाहाची बाई पहिल्या पंगतीला बसते. मोहरममध्ये मासळी अजून आणत नाहीत, आणि श्रावणात पुतण्या दुकानाचं फाटक ओढूनच ठेवतो. गिऱ्हाईक नसतं हे खरं, पण दोन-चार असलं तरी उघडत नाही.

नवा 'नाही' आलाय तो दुसरीकडून. २०२५ च्या मार्चमध्ये राज्यात हिंदू खाटिकांच्या झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' नावाचं प्रमाणपत्र निघालं. कुणी काय खावं, कुणाच्या हातचं घ्यावं, हा ज्याचा त्याचा हक्क, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. आबांनी एकादशी सोडली नाही, दादांनी वाटा घेतला नाही, कुणी कुणाला अडवलं नाही. पण गावातली तरणी पोरं विचारतात, "सर, मुलाण्यानं कापलेलं आपल्यात चालतं का?" तेव्हा मी त्यांना ग्रँट डफचं पान काढून दाखवतो. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांना मुलाण्याच्या नियतीशिवाय मटण चालत नव्हतं. पोरं वाचतात. काही हसतात, काही मोबाईलमध्ये फोटो काढून नेतात.

पुतण्याला गेल्या जत्रेला तीन घरांतून बोलावणं होतं, आधी पंधरा-वीस असायची. तो गेला. सुरी घरूनच पाजवून नेली. वाटा घेतला नाही. बाजरी आता कुणी देत नाही, पैसे देतात.